अक्कांचं नाव कुठे शोधायचं?

जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळचे पावणेआठ झाले असतील. मी पुण्यात घरी कुकर लावत होते आणि फोन वाजला. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातून एक आई बोलत होती. तिची वीस वर्षांची मुलगी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. फडात भांडण झालं, नवऱ्याने कोयत्याच्या मुठीने मारलं आणि मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन कोपीतून निघाली, ती थेट कराडच्या एसटी स्टँडवर येऊन बसली. जवळ पैसे नाहीत, फोन नाही. एका टपरीवाल्याच्या फोनवरून तिने आईला कळवलं होतं. (या बाईची ओळख पटू नये म्हणून ठिकाणं आणि काही तपशील बदलले आहेत.)

त्या आईकडे माझा नंबर कसा, तर बचत गटाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तो लिहिलेला होता. मी तो भाग सोडून आठ वर्षं झाली, पण वही कुणी टाकली नव्हती.

१८१ आहे, ११२ आहे, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. मीही आधी तेच सांगितलं. पण मुलीला नवऱ्यापेक्षा पोलिसांची भीती जास्त होती. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि उचल घेतलेली असते ती जोडीवर. बाई फड सोडून गेली की मुकादम आधी उचलीचा हिशेब काढतो. पोलीस मुकादमालाच बोलावतील आणि तो आपल्याला परत फडात नेऊन घालेल, अशी तिची खात्री होती. 'तसं होणार नाही' असं मी तिला छातीठोकपणे सांगू शकले नाही. तिला त्या घटकेला हवी होती तासाभरात स्टँडवर येऊन शेजारी बसेल अशी एक बाई.

कराडमध्ये माझ्या ओळखीचं कुणीही नव्हतं. मी लिंक्डइन उघडलं. तिथे माझ्या नावाशी अकराशेच्या वर माणसं जोडलेली आहेत. कराड असं टाकून शोधलं तर एक बँकेतले अधिकारी निघाले, एक औषध कंपनीचे प्रतिनिधी, आणि एक गृहस्थ, जे मला दर सोमवारी यशाची सूत्रं पाठवतात. मग एम.एस.डब्ल्यू.ला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण दिसली. आता ती मुंबईत एका कंपनीच्या सामाजिक निधीचं काम बघते. आमचं नऊ वर्षांत बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, नुसतंच राहून गेलं होतं. तिने कधीतरी सातारा जिल्ह्यात प्रशिक्षणं घेतल्याचं तिच्या पानावर लिहिलेलं होतं. ख्याली-खुशाली न विचारता मी थेट लिहिलं, 'कराडमध्ये आत्ता मदत करेल अशी बाई हवी आहे.' दहा मिनिटांत एका निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिकेचा नंबर आला. साडेनऊ वाजता त्या बाई नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून स्टँडवर पोचल्या. मुलगी रात्री त्यांच्या घरी झोपली. सकाळी त्यांनीच तिला तिकीट काढून गाडीत बसवलं.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक लेख लिहिला होता. तो आता अभिजात मानला जातो. त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या उपयोगी पडतात ते पुष्कळदा जवळचे नव्हेत, तर लांबचे लागेबांधे. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी येते ती क्वचित भेटणाऱ्याकडून. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यांनीही नोकरी मिळवण्याच्या बाबतीत, थोड्या फरकाने, हेच दाखवलं. (त्या दोन कोटी माणसांना आपण प्रयोगात आहोत हे कुणी सांगितलेलं नव्हतं. संमतीचा प्रश्न पुढे येणार आहे म्हणून हे इथेच नोंदवून ठेवते.) कराडच्या त्या रात्री मला हा सिद्धांत अगदी पटला.

पटला तो फार, आणि तिथेच माझी गोची झाली. दुसऱ्या दिवशी ही हकीकत लिंक्डइनवर लिहावी असा मोह झाला. नाव-गाव गाळून, 'जुन्या सहकाऱ्यांशी जोडलेलं राहण्याची ताकद' असं काहीतरी. लिहायला बसले आणि सहज स्वतःचंच पान वाचलं. तिथे माझ्या धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) कामाबद्दल इंग्रजीत एक वाक्य आहे. मराठीत आणलं तर ते असं होईल : 'पाच वर्षांत ६२ गावांत महिला गटांची उभारणी केली आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या ३०० हून अधिक प्रकरणांत हस्तक्षेप केला.'

केली. केला. कुणी?

मी त्या प्रकल्पात २०१२ साली दाखल झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा मला कलमांसकट पाठ होता. पहिल्याच महिन्यात एका घरी गेले, पिशवीतून घटना अहवालाचा नमुना काढला आणि सुनेला विचारू लागले, मारहाण किती वेळा होते, हत्यार कोणतं वापरलं जातं. समोर सासू ज्वारी पाखडत बसलेली. सून एक शब्द बोलेना. माझ्याबरोबर आमच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. चौथी शिकलेल्या, तेव्हा पंचेचाळिशीच्या. अक्कांनी माझ्या कागदावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, आदी च्या तर होऊ द्या." मग सासूच्या हातातलं सूप घेतलं आणि स्वतःच पाखडायला बसल्या. पाऊसपाणी झालं, मावसबहिणीच्या नणंदेचं सोयरिकीचं झालं. अर्ध्या तासाने सासू आपणहून म्हणाली, "माझा ल्योक दारू पिऊन मलाबी ढकलतोय, अक्का. म्या कुनाला सांगावं?" त्या घरातल्या दोघी बायका एकाच माणसाचा मार खात होत्या, हे माझ्या नमुन्यात कुठल्याच रकान्यात बसलं नसतं.

संध्याकाळी मी अहवालात लिहिलं, 'गृहभेट – १, समुपदेशन – १.' खाली माझी सही.

अशा बारा जणी होत्या. गटांच्या बैठका त्यांनी घेतल्या, रात्री-अपरात्री दार वाजलं ते त्यांचं, सरपंचाच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या. आम्ही पदवीवाल्या गाडीने जायचो आणि गाडीने परत यायचो. ६२ गावांपैकी किती गावांत मी मुक्काम केला असेल? वीस म्हटलं तरी फुशारकी होईल. वार्षिक अहवालात त्या बाराजणींचा उल्लेख 'क्षेत्रीय कर्मचारी' असा एका शब्दात यायचा, आणि फोटोखाली 'गटातील महिला' असा. आता तोही अहवाल कुठे मिळत नाही. २०१७ मध्ये निधी देणाऱ्यांचे विषय बदलले, प्रकल्प संपला, पुढे संस्थेचं ते कार्यालयही बंद झालं. शिल्लक राहिलं ते माझं लिंक्डइनचं पान. त्यावर तेव्हाच्या प्रमुखांनी माझ्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्रही आहे, चांगलं चार ओळींचं.

मी पोस्ट लिहिली नाही. त्याऐवजी त्या बाराजणींना शोधायला लागले. या लेखात सांगायचं आहे ते त्या शोधात उमगलेलं.

आधी एक कबुली. ही माध्यमं खोटी आहेत, चळवळ काय फोनवर होते का, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या ज्येष्ठ मैत्रिणी सांगतात की त्यांच्या वेळी पोस्टकार्डावर काम भागायचं. भागत असेलही. पण पोस्टकार्ड जायचं ते सासरच्या पत्त्यावर, आणि आधी सासरा वाचायचा. माझ्यापुरतं सांगायचं तर प्रकल्प संपला, पाठोपाठ मूल झालं, आणि मी साडेतीन वर्षं घरी होते. त्या काळात मला सगळ्यात मोठी लाज कसली वाटत असेल तर 'हल्ली काय करतेस' या प्रश्नाची. २०२० च्या सप्टेंबरमध्ये विदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मोठ्या संस्थांनी छोट्या संस्थांना निधी वळता करण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. ओळखीच्या कितीतरी जणींच्या नोकऱ्या त्या वर्षात डळमळल्या. अशा वेळी २०२१ मध्ये मला काम मिळालं ते एका जुन्या सहकारी मैत्रिणीने लिंक्डइनवर दोन ओळी लिहिल्या म्हणून. तेव्हा मूल वाढवण्यातली वर्षं रिकामी सोडावी लागत. २०२२ पासून तिथे 'कामातला खंड' नोंदवायची सोय झाली आहे. छोटी गोष्ट, पण घरी बसलेल्या बाईला ती छोटी वाटत नाही. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी जरूर वापरा, जुन्या मैत्रिणींना शोधा, लाजू नका. नऊ वर्षांनी एकदम काम सांगितलं म्हणून माझ्या मैत्रिणीला राग आला नाही. उलट ती म्हणाली, "बरं झालं, तुला माझी आठवण तरी आली."

पण शोधायला बसलं की कळतं, सापडतं कोण आणि सापडत नाही कोण.

आमच्या प्रकल्पातले पुरुष सहकारी दोन दिवसांत सगळेच्या सगळे सापडले. नाव तेच, आडनाव तेच, फोटो तेच, फक्त पोट सुटलेलं. पदवीधर बायकांपैकी निम्म्या सापडल्या. उरलेल्या लग्नानंतरच्या नावात विरघळल्या होत्या. ज्या मुलीला मी एका आडनावाने तीन वर्षं हाका मारल्या, ती आता कुठल्या नावाने जगते आहे हे शोधायला मला तिच्या नवऱ्याचं नाव माहीत असावं लागतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं, त्याचं आपण स्वागत केलं. पण त्याच निर्णयात विवाहित बाईसाठी तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही जुनी पद्धत तशीच ठेवली आहे. माहेरच्या नावाची मुभा आहे ती मालमत्तेच्या दस्तऐवजापुरती. आईचं नाव मुलाच्या नावात आलं, पण त्या आईला तिच्या जुन्या मैत्रिणीने शोधायचं कसं?

आणि बारा जणींपैकी लिंक्डइनवर किती? एकही नाही. फेसबुकवर दोघी, त्यातल्या एकीच्या पानावर तिच्याऐवजी विठ्ठल-रखुमाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे होता. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आकडे पुढे सरकले असतील, पण फोन घरात असणं आणि फोन आपला असणं यातला फरक कार्यकर्त्यांना सांगायला नको. मी लावलेल्या पहिल्या पाच फोनांपैकी तीन पुरुषांनी उचलले. "कोण बोलताय? काय काम आहे?" त्या दोन प्रश्नांना काय उत्तर द्यायचं हे आपल्याला केस हाताळताना शिकवलेलं असतं. आपल्याच सहकारी बाईशी बोलण्यासाठी तेच कौशल्य वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं.

लिंक्डइन २०२४ मध्ये मराठीतही आलं. मी उत्साहाने भाषा बदलून पाहिली. बटणं मराठीत झाली, पण रकाने तेच. पद काय? संस्था कोणती? कधीपासून कधीपर्यंत? अक्कांचं पद काय लिहायचं? त्यांना पगार नव्हता, मानधन होतं. मानधन म्हणजे मान आणि धन दोन्ही मिळतं असं कुणाला वाटेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की भविष्यनिर्वाह निधी नाही, नेमणुकीचं पत्र नाही, आणि काम संपलं की काम केल्याचा पुरावाही नाही. सरकारने अंगणवाडीच्या बायकांनाही हेच केलं. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. पण आपण सरकारकडे बोट दाखवतो तेव्हा आपल्या संस्थांचे हिशेब कुणी काढायचे? बाईचं घरातलं काम कुणी काम म्हणून मोजत नाही, हे आपण शिबिराशिबिरातून शिकवलं. आणि ते शिकवायला सतरंजी घालणारी, बायका गोळा करणारी जी बाई होती, तिचं काम आपणच मोजलं नाही.

या शोधात आणखी एक गोष्ट आठवली, ती सांगणं भाग आहे. टाळेबंदीच्या दिवसांत, २०२१ मध्ये, मी आधी काम केलेल्या एका ठिकाणच्या कुणीतरी 'आपले जुने दिवस' असा व्हॉट्सॲप गट काढला. ज्याचा ज्याचा नंबर होता त्याला न विचारता आत टाकलं. चाळीसेक माणसं. जुन्या शिबिरांचे फोटो आले, गहिवर झाला. तासाभरात एक मुलगी गटातून बाहेर पडली, आणि ती बाहेर पडल्याचं सगळ्यांना दिसलं. लगेच प्रश्न : 'का गं? रागावलीस का?' रात्री तिचा मला फोन आला. "ताई, तो आहे त्यात." तेव्हाचा आमचा एक वरिष्ठ. तिने नोकरी सोडली तेव्हा लग्न ठरल्याचं कारण दिलं होतं. लग्न ठरलेलं नव्हतं. २०१३ चा कायदा तोपर्यंत आला होता, पण तिथे तक्रार समिती कागदावरही नव्हती, आणि तक्रारीची तीन महिन्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. पाच-सहा वर्षं तिने त्या माणसापासून आपला नंबर लपवला होता. एका संध्याकाळी, आठवणींच्या उमाळ्यात, तो नंबर आणि तिच्या मुलीबरोबरचा फोटो त्याच्या हातात गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा 'सुप्रभात' आला.

जुने सहकारी म्हटलं की आपल्याला फक्त मैत्रिणी आठवतात. पण बाई नोकरी सोडते तेव्हा ती दर वेळी माणसांना मुकलेली असते असं नाही, कधी माणसांतून सुटलेली असते. म्हणून शोधणाऱ्या बाईने आधी हे विचारायला हवं की हिला सापडायचं आहे का. आपल्याला गटात कोण टाकू शकेल हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१९ पासून आहे. ती बहुतेकींना माहीत नाही. आपल्या बैठकीत दहा मिनिटं काढून एकमेकींच्या फोनमध्ये ती लावून द्या. आणि याच गटांवर 'तातडीची मदत' म्हणून जे येतं त्याबद्दलही : पीडित मुलीचा फोटो, एफआयआरची प्रत, पत्ता. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ आहे. तरी आपलेच लोक पुढे पाठवतात, चांगल्या हेतूने. कराडच्या रात्री मी मैत्रिणीला मुलीचं नाव सांगितलं नव्हतं. त्या पर्यवेक्षिका बाईंना सांगितलं ते फोनवर, तोंडी, तेही स्टँडवर ओळखता यावी म्हणून.

असो. अक्का.

अक्का सापडल्या त्या कुठल्याही पानावरून नव्हे, तर जुन्या बचत गटाच्या हिशेबनीस बाईंकडून. "त्या आता लेकाकडं असत्यात, लेकाचा नंबर देते." लेकाच्या व्हॉट्सॲपवर ट्रॅक्टरचा फोटो. तो मुलगा भला निघाला, लगेच फोन आईकडे नेला. पहिलं वाक्य : "ताई व्हय? कुटं गायब झालता वो तुमी?" गायब मी झाले होते. त्यांचं गाव तेच होतं, घर तेच होतं. मीच त्यांना कधी फोन केला नव्हता, आणि मनात मात्र असं धरून चालले होते की त्या 'हरवल्या' आहेत.

खूप बोललो. प्रकल्प बंद झाल्यावर दोन हंगाम त्या लेक-सुनेबरोबर फडावर गेल्या होत्या, नातवंडं सांभाळायला. तिथेही चार बायकांची भांडणं सोडवली म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ते पत्र मिळल का वो अजून?" कसलं पत्र? तर तीन वर्षांपूर्वी गावात बचत गटांच्या कामासाठी बाई निवडायची होती. अक्का गेल्या. साहेबांनी विचारलं, अनुभवाचा काही दाखला आहे का? अक्का म्हणाल्या, पाच वर्षं काम केलंय, गावाला विचारा. गावाला विचारत नसतात. बारावी झालेल्या एका मुलीला ते काम मिळालं. "पोरगी चांगली हाय," अक्का म्हणाल्या, "मलाच इचारून करती समदं." दाखल्यासाठी त्या तालुक्याला आमच्या जुन्या कार्यालयात दोनदा जाऊन आल्या होत्या. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे.

माझ्याकडे चार ओळींची शिफारस आहे, इंग्रजीतून, जगात कुणीही वाचावी अशी. ती ज्या कामाबद्दल आहे ते काम करणारी बाई एका कागदासाठी दोनदा एसटीने तालुक्याला गेली आणि हात हलवत परत आली. या दोन गोष्टी एकाच प्रकल्पातल्या आहेत.

मी पत्र लिहिलं. संस्था नाही, तेव्हा शिक्का नाही. साध्या कागदावर, मराठीत, तेव्हाची पर्यवेक्षक म्हणून माझ्या सहीने : अमुक साल ते अमुक साल, अमुक गावं, इतक्या बैठका, आणि घरांमधून मारहाणीच्या प्रकरणांत काय काय केलं ते तपशिलाने. नाव कसं लिहू, असं विचारलं. नवऱ्याचं घालू का? थोडं थांबून म्हणाल्या, "माज्या बापाचं घाला. त्यानंच मला साळंत घातलं व्हतं, चौथीपतुर." तेव्हाच्या आमच्या प्रमुखांना शोधून त्यांचीही सही घेतली. त्यांना शोधायला मात्र लिंक्डइनच कामी आलं, एका मिनिटात. या कागदाला कुठलं कार्यालय किती किंमत देईल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि ते मी अक्कांनाही सांगितलं आहे.

आपल्या संस्थांकडे, संघटनांकडे माझी मागणी साधी आहे. प्रकल्प संपतो तेव्हा निधी देणाऱ्याला शेवटचा अहवाल जातो, लेखापरीक्षण होतं. त्याच्या आधी मानधनावरच्या प्रत्येक बाईच्या हातात तिच्या कामाचा दाखला पडला पाहिजे, तिच्या भाषेत, तिला हव्या त्या नावाने. तो देण्यासाठी निधी लागत नाही. ज्या संस्था बंद पडल्या त्यांच्या दाखल्यांची जबाबदारी आम्हा जुन्या पर्यवेक्षकांवर येते, आणि 'मी आता दुसरीकडे आहे' हे उत्तर चालणार नाही. मैत्रिणींच्या नंबरांची यादी संघटनेकडे असावी, पण प्रत्येकीला विचारून केलेली : कुठल्या वेळी फोन करायचा, पुरुषाने उचलला तर काय सांगायचं, कुणाला नंबर द्यायचा नाही. आम्ही तशी वही सुरू केली आहे. फोनमध्ये नाही, वहीतच. फोन घरातलं कुणीही उघडतं. वहीचं काय, ती जपायची रीत बचत गटाच्या बायकांनी आम्हाला शिकवलेली आहे.

माझ्या पानावरचं ते वाक्य मी बदललं. 'बारा गावकार्यकर्त्यांच्या गटाबरोबर काम केलं. गटउभारणी आणि हस्तक्षेप प्रामुख्याने त्यांनी केला' असं आता तिथे आहे. एका नोकरभरती करणाऱ्या बाईंनी मला आपुलकीने सांगितलं की अशाने माझं नेतृत्व दिसत नाही. त्यांचं बरोबर असेल. पुढची नोकरी शोधताना मला ते नडेलही, मी काही साधू नाही, घरभाडं मलाही आहे. पण ते वाक्य पुन्हा पहिल्यासारखं करायला माझा हात वळत नाही.

बारापैकी आठ जणी आजवर सापडल्या आहेत. एक २०२० मध्ये करोनाने गेली, हे कळलं ते तिच्याच नंबरवर फोन केला तेव्हा, तिच्या मुलीकडून. एकीने निरोप पाठवला की बोलायची इच्छा नाही. तो निरोपही वहीत लिहिला आहे, म्हणजे दुसरं कुणी पुन्हा तिच्या मागे लागणार नाही. उरलेल्या चौघींपैकी दोघी लातूरकडे कुठेतरी आहेत असं ऐकते. वाचणाऱ्यांपैकी कुणी २०१२ ते २०१७ या काळात धाराशिव जिल्ह्यात महिला गटांचं काम केलं असेल, तर संपादक मंडळाकडे निरोप ठेवावा. नावं इथे छापत नाही. का, ते वर आलंच आहे.

अक्का आता नातवाच्या फोनवरून आवाजातला निरोप पाठवतात, आठवड्यातून एखादा. परवाचा असा होता : "ताई, त्यो कागद पिलास्टिकमंदी घालून ठिवलाय. त्या बारावीच्या पोरीला वाचाया लावला. तिनं दोनदा वाचला. आन् ती कराडची पोरगी हाय न्हवं, ती आईकडंच हाय अजून. मुकादम येऊन गेला उचलीसाठी. म्या उद्या जातीय तिकडं, तुमी तेवढा वकिलीनबाईचा नंबर धाडा."

नंबर धाडला आहे.